खोकल्यासकट माहलर

फ्रेड गैसबर्ग माझ्या डोक्यात शिरला तो गौहर जानमुळे. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात, हॉटेलच्या खोलीत भोंगा मांडून त्याने तिचं गाणं मेणावर उतरवलं, हे आपल्याकडच्या तबकडीवेड्यांना पाठ असतं. गाणं संपताना ती ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणते ते ऐटीसाठी नव्हे. तबकड्या छापल्या जायच्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं. पण गैसबर्गचं पुढे काय झालं, हे आपण सहसा विचारत नाही. मी विचारलं, आणि कलकत्त्याहून निघालेला मी व्हिएन्नात पोचलो.

१६ जानेवारी १९३८, रविवार. म्युझिकफेराइनच्या सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिक, समोर ब्रूनो वॉल्टर, आणि माहलरची नववी सिम्फनी. माहलर १९११मध्ये गेला. त्याला ऐकायला न मिळालेली ही सिम्फनी वॉल्टरनेच, याच वाद्यवृंदाकडून, जून १९१२मध्ये पहिल्यांदा वाजवून घेतली होती. ध्वनिमुद्रण मात्र तोवर कुणी केलं नव्हतं. ते करायला पासष्टीचा गैसबर्ग ‘हिज मास्टर्स व्हॉइस’तर्फे आला होता.

तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावणार आणि मैफल कुणासाठी थांबणार नाही. म्हणजे एका यंत्रावरचं मेण भरत आलं की दुसरं यंत्र फिरतं हवं. असं करत वीस बाजू झाल्या, दहा तबकड्या. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी ख्याल तीन मिनिटांत बसवला. इथे वाद्यवृंदाने आपली चाल सोडली नाही, धावपळ यंत्रांनी केली.

आठच आठवड्यांनी, १२ मार्चला, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ज्यू असलेल्या वॉल्टरला व्हिएन्ना बंद झालं. वाद्यवृंदातल्या ज्यू वादकांना काढून टाकण्यात आलं. सात आजी-माजी वादक पुढे छळछावण्यांत किंवा छळापायी मेले.

माझं मन अडकतं ते आर्नोल्ड रोझेपाशी. १८८१पासून तो या वाद्यवृंदाचा पहिला व्हायोलिनवादक. माहलरची बहीण युस्टिन त्याची बायको. सत्तावन्न वर्षांची खुर्ची एका झटक्यात गेली, त्याच ऑगस्टमध्ये युस्टिनही गेली. म्हातारा लंडनला पोचला आणि १९४६मध्ये तिथेच वारला. मुलगी आल्मा, तीही व्हायोलिनवादक, आउशवित्झमधल्या बायकांच्या वाद्यवृंदाची प्रमुख झाली आणि १९४४मध्ये तिथेच मेली.

एवढं कळल्यावर तबकडीत अरिष्टाची चाहूल ऐकू येऊ लागते. या ध्वनिमुद्रणाची सारी ख्याती त्या चाहुलीवरच उभी आहे. मला ते पटत नाही. अखेरचा संथ भाग वॉल्टर अठराएक मिनिटांत संपवतो. लिओनर्ड बर्नस्टाइनला १९८५मध्ये अॅमस्टरडॅमच्या वाद्यवृंदाबरोबर त्यासाठी जवळजवळ तीस मिनिटं लागली. जुन्या मुद्रणांबद्दलचा नेहमीचा खुलासा, तबकडीत बसवायचं म्हणून घाई केली, इथे चालत नाही. ही जिवंत मैफल होती. आणि हे वाजवणं निरोपाचं वाटतच नाही. काही ठिकाणी वादक चुकतात, तिसऱ्या भागात तर एकमेकांच्या अंगावर पडतात. पण रडत कुणीच नाही. मार्चमध्ये काय होणार ते आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नव्हतं. गळा आपला दाटतो.

ऐकायचं असेल तर एवढंच सांगेन: खरखर पुसून गुळगुळीत केलेली आवृत्ती घेऊ नका. खरखरीबरोबर सभागृहही पुसलं जातं. हळुवार जागी श्रोते खोकतात, तेही राहू द्या. त्या रविवारी खुर्च्यांवर माणसं बसली होती, याचा तोच पुरावा आहे. व्हायोलिनं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, आपल्या कानाला मींड वाटावी तशी. कंप अगदी बेताचा. ती तिथली जुनी रीत, रोझेच्या पिढीची.

पहिला भाग विझत येतो तेव्हा एकटं व्हायोलिन वर तरंगतं. इथे शेवटी नाव सांगणारं कुणी नसतं. म्हणून कुणाला ही तबकडी ऐकवताना त्या जागी मीच हळूच सांगतो: हा आर्नोल्ड रोझे.