बाळ रडले का?

बाळ जन्मले की बाहेर बसलेल्या आजीचा पहिला प्रश्न असतो, "रडलं का?" प्रश्न योग्यच आहे. रडणे म्हणजे श्वास सुरू होणे. दवाखान्यात मात्र आणखीही काही पाहतात. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली ही पद्धत सुचविली. हृदयाचे ठोके, श्वास, हातपायांतील जोर, स्पर्शाला प्रतिसाद व त्वचेचा रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. मोजणी पहिल्या व पाचव्या मिनिटाला होते. ७ किंवा अधिक गुण समाधानकारक होत. ठोके मिनिटाला १०० पेक्षा जास्त हवेत. केवळ तळहात-तळपाय निळसर असल्यास घाबरू नये; ओठ व अंग निळे असणे धोक्याचे.

परंतु बाळ श्वास घेत नसेल तर गुण मोजत थांबायचे नसते. ताबडतोब कोरड्या, उबदार कपड्याने पुसून पाठ चोळावी. तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच मास्क-पिशवीने हवा द्यावी लागते. उलटे धरणे, चापट्या मारणे, गार पाणी शिंपडणे घातक आहे.

लगतच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून खेड्यातील स्त्रियांना ही कला शिकविली आणि अनेक बाळे वाचली. म्हणजे लागतो तो तयार हात. म्हणून एकोडी परिसरातील गर्भवतींनी, रोवणीचे दिवस असले तरी, कळा सुरू होताच आशाताईंना कळवावे, १०८ ला फोन करावा. ते पहिले मिनिट घरी वाया जाऊ नये.