शेवटच्या रांगेतला हशा

नट पुढे येतो आणि एक विनोदी वाक्य टाकतो. नाट्यगृह मोठं असेल तर शेवटची रांग त्याच्यापासून तीसेक मीटरवर असते. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे नुसतं वाक्य मागे पोचून हशा परत यायलाच सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा जातो. विनोद डोक्यात शिरायला लागणारा वेळ वेगळाच. तोवर पहिल्या चार रांगा हसायला लागलेल्या असतात. त्यामुळे हशा एकदम येत नाही, तो पुढून मागे उमटत जातो.

आता नटाची खरी परीक्षा सुरू होते. पुढचं वाक्य कधी घ्यायचं? हशा चढत असताना तोंड उघडलं तर वाक्य बुडतं, शिवाय प्रेक्षक ‘श्श’ करून एकमेकांचं हसू मारतात. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर मधे एक पोकळी पडते आणि चढलेलं नाटक खाली बसतं. जाणते नट हशा उतरणीला लागला की त्याच्या शेपटावर पुढचं वाक्य ठेवतात. हे करताना त्यांना ऐकतोय असं दाखवायचं नसतं. पात्र म्हणून ते बायकोवर चिडलेले असतात, चहा ओतत असतात, आणि कान मात्र बाल्कनीकडे. शनिवारी रात्री खळखळून हसलेलं वाक्य रविवारी दुपारी, जेवून आलेल्या प्रेक्षकांपुढे साधं कुजबुजीएवढं हसू मिळवतं. मग थांबण्याचं सगळं गणित तिथल्या तिथे बदलायचं.

नट प्रशांत दामले यांनी 6 नोव्हेंबर 2022 रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ सादर केलं, तो त्यांच्या कारकिर्दीतला 12,500 वा प्रयोग होता. रोज एक, एकही सुट्टी नाही, असा हिशेब मांडला तरी चौतीस वर्षं होतात. एवढ्या वेळा अनोळखी माणसांचा हशा मोजलेला कान कसा तयार झाला असेल, याचा विचार केला की मला गरगरतं.

टाळ्यांची गोष्ट तर आणखी मजेची आहे. रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत काही शास्त्रज्ञांनी प्रयोगानंतरच्या टाळ्या ध्वनिमुद्रित केल्या आणि 2000 साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. सुरुवातीला टाळ्यांचा नुसता कडकडाट असतो, जो तो आपापल्या गतीने वाजवतो. थोड्या वेळाने, कुणीही खूण न करता, सगळं सभागृह एका तालात येतं. कसं? प्रत्येकजण आपला वेग जवळपास निम्म्यावर आणतो. जलद टाळ्यांमध्ये माणसामाणसाच्या वेगात फार फरक असतो, संथ टाळ्यांत तो कमी होतो, म्हणून ताल जुळतो. पण निम्म्या टाळ्या म्हणजे आवाजही कमी. मग उत्साही मंडळी जोर वाढवायला वेग वाढवतात, ताल विस्कटतो आणि पुन्हा कडकडाट. असं आलटून पालटून चालू राहतं. शेकडो अनोळखी माणसं, संचालक कुणीच नाही, तरी हे घडतं! आपल्याकडे हे क्वचितच ऐकू येतं, कारण पडदा पडता पडता निम्मे प्रेक्षक गाडीच्या किल्ल्या चाचपत उभे राहिलेले असतात. संगीत नाटकांच्या काळात ‘वन्समोअर’ घेऊन पहाट करणाऱ्यांचे आपण वारस, हे तेव्हा खरं वाटत नाही.

प्रेक्षक आणखीही एक काम करतो, आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. तो आवाज पितो. माणसांची शरीरं आणि कपडे ध्वनी शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या नाट्यगृहात घुमणारं वाक्य भरलेल्या नाट्यगृहात कोरडं, नेमकं ऐकू येतं. तालमीत बसवलेली पट्टी हाऊसफुल्लच्या पाटीबरोबर बदलावी लागते.

त्यात मराठी नाटक एका जागी थांबत नाही. लंडनमध्ये अॅगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ 1952 पासून चालू आहे आणि एवढ्या वर्षांत त्याने थिएटर बदललं ते एकदाच, 1974 मध्ये. आपलं नाटक आज दादर, उद्या ठाणे, परवा पुणे. दादरच्या शिवाजी मंदिरात एकाच दिवशी दोन-तीन वेगवेगळी नाटकं लागू शकतात. एकाचा दिवाणखाना उतरवायचा, टेम्पोत भरायचा, तोवर दुसऱ्याची भिंत आत येत असते. प्रत्येक रंगमंचाची रुंदी आणि खोली वेगळी, त्यामुळे काल सोफ्यापर्यंत पाच पावलं होती तिथे आज चार. नटाने वाक्य त्याच जागी संपवायचं असतं, प्रेक्षकाला पाऊल कमी पडल्याचं कळता कामा नये. सेट लावणाऱ्या मंडळींना पडद्यापुढे बोलावून टाळ्या द्यायची पद्धत आपल्याकडे नियमाने पडायला हवी होती.

त्यांची करामत पाहायची असेल तर ब्लॅकआऊट बघा, म्हणजे बघायचा प्रयत्न करा. झगझगीत प्रकाशानंतर आपल्या डोळ्यांना अंधाराला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. ब्लॅकआऊट असतो काही सेकंदांचा. त्या वेळात आपण जवळजवळ आंधळे असतो, पण विंगेत काळ्या कपड्यांत उभा असलेला माणूस बराच वेळ अंधारातच असतो. त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. जमिनीवर चिकटवलेल्या चमकत्या पट्ट्या मघाच्या दिव्यांचा प्रकाश साठवून अंधारात परत देतात, त्या धरून तो टेबल फिरवतो, खुर्ची उचलतो, निघून जातो. दिवे येतात आणि आपण दुसऱ्या घरात.

प्रवेश बदलण्याचा याहून देखणा मार्ग म्हणजे फिरता रंगमंच. जपानमधल्या ओसाकात काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकारासाठी तो 1758 मध्ये वापरला गेला. मराठीत त्याचं नाव निघालं की एकच नाटक आठवतं, ‘तो मी नव्हेच’. आचार्य अत्र्यांचं लेखन, मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन, पहिला प्रयोग 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीत. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात आरोपी म्हणून उभा आहे आणि स्वतःच आपला खटला लढवतोय. साक्षीदार बोलू लागतो, रंगमंच फिरतो, कोर्ट मागे जातं आणि साक्षीतली हकिगत समोर घडू लागते. त्या हकिगतीत तोच भामटा वेगळं नाव, वेगळा वेश, वेगळी बोली घेऊन हजर असतो! प्रभाकर पणशीकर यात लखोबासह पाच रूपं वठवत. चाक फिरेपर्यंत एक माणूस पुसून दुसरा व्हायचं, आणि परत कोर्टात येऊन ‘तो मी नव्हेच’ असं निरागसपणे नाकारायचं. सिनेमात हे कापून जोडता येतं, म्हणून तिथे त्याचं नवल नाही. इथे मात्र आपण त्या माणसाच्याच छताखाली बसून घड्याळ मोजत असतो.

यंत्र नसलं तरी अडत नाही, हे ‘घाशीराम कोतवाल’ने दाखवलं. 1972 साली जब्बार पटेलांनी विजय तेंडुलकरांचं हे नाटक पुण्यात उभं केलं, तेव्हा ओळीने उभे राहून डोलणारे ब्राह्मण हाच पडदा होता. ते पाठमोरे झाले की भिंत, वळले की माणसं. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने 52 व्यक्तिरेखा उभ्या करत. या दोन्ही ठिकाणी अर्धं काम प्रेक्षकाने केलेलं असतं. पाठी दिसताहेत हे त्याला ठाऊक आहे, तरी तो भिंत पाहायला राजी आहे. मोबाइलवर नाटकाचं चित्रीकरण पाहताना हे राजीपण टिकत नाही. तिथे कॅमेऱ्याने काय पाहायचं ते आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि आपण हसलो काय, न हसलो काय, नट थांबतो तेवढाच थांबतो. चित्रीकरणं जपून ठेवावीत, अभ्यासाला त्यांचा मोठा उपयोग आहे. पण ती पाहून नाटक पाहिलं असं कुणी म्हटलं तर मी मान हलवणार नाही.

पुढच्या वेळी बाल्कनीचं तिकीट काढून पाहा. ते सहसा स्वस्त असतं, वरून नटाच्या हातातला चहाचा कप खरंच भरलेला आहे का तेही दिसतं, आणि खाली हशा कुठून उठून कुठे पोचतो हे नीट ऐकू येतं. फक्त तिसऱ्या घंटेच्या आधी जागेवर बसा, आणि पडदा पडल्यावर दोन मिनिटं थांबून टाळ्या वाजवा.