गाडीतली बंदूक

यवतमाळ जिल्ह्यात वाघ जंगलापुरता राहत नाही. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम 148.63 चौरस किलोमीटरचे. आईपासून सुटलेल्या तरण्या वाघाला ते पुरत नाही. तो नाल्याच्या कडेकडेने बाहेर पडतो आणि बाहेर लगेच वावरे सुरू होतात. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी छातीएवढी झालेली असते, तूर तिच्याहून उंच. वाघ त्या पिकात बसलेला, धुऱ्यावर गाव मोबाइल उंचावून उभे, आणि अशा वेळी वनखात्याची गाडी येते. तिच्यात पिंजरा असतो, जाळी असते, डॉक्टर असतो आणि एक बंदूक असते. ती बंदूक गाडीत कुठे नि कशी ठेवायची, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. त्याचे उत्तर या जिल्ह्याला महागात पडलेले आहे.

शिकारीच्या जमान्यात हे उत्तर सोपे होते. मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगलाचे शिकारीसाठी गट पाडलेले असत आणि परवाना काढला की गट ठरावीक मुदतीसाठी मिळे. जीपची पुढची काच बॉनेटवर पाडायची आणि बंदूक बसल्या जागी हाताला लागेल अशी ठेवायची, एवढीच अपेक्षा. लाकडी फळीत नळीसाठी खाच, खाली दस्त्यासाठी खोबण, खाचेला चामड्याचा किंवा कापडाचा थर: कोणत्याही गावच्या सुताराला जमणारे काम. त्या चौकटीचा सगळा गुण एकच, बंदूक निघायला वेळ लागता कामा नये.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या घाईलाच आधी हात घातला. तेव्हा काही प्राण्यांची शिकार परवान्याने चालू होती, पण कलम 17 ने चाकांच्या वाहनातून शिकार करायला मनाई केली. 1991 च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच संपली आणि ते कलमही गळाले. आज अभयारण्यात परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही, आणि शिकारीच्या गुन्ह्यात गाडी जप्त झाली आणि तिचा वापर न्यायालयात सिद्ध झाला की कलम 39 प्रमाणे ती सरकारची होते. हौसेने गाडीत चौकट ठोकून रानाकडे निघालेल्याने घरी परत यायची सोय वेगळी बघून ठेवावी.

उरली ती वनखात्याची गाडी. तिच्यातल्या बंदुकीतून गोळी निघत नाही, डार्ट निघतो. डार्ट म्हणजे उडणारी सिरिंजच. पन्नासच्या दशकात न्यूझीलंडमधले पशुवैद्य कॉलिन मर्डोक यांनी ही कल्पना घडवली. डार्टच्या पुढच्या कप्प्यात औषध आणि मागच्या कप्प्यात दाबाने भरलेली हवा असते. सुईच्या बाजूला छिद्र असते, त्यावर रबराची छोटी नळी चढवलेली. सुई मांसात शिरली की ती नळी मागे सरकते, छिद्र उघडते आणि मागची हवा औषध आत ढकलते. शेपटीला रंगीत गोंडा असतो. त्याने डार्ट सरळ जातो आणि गवतात पडला तर सापडतो.

बंदुकीला जोर मिळतो तो बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचा. अंतर पाहून दाब ठरवायचा. दाब कमी पडला तर डार्ट वाटेतच पडतो, जास्त झाला तर हाड मोडू शकते. म्हणून वीस-तीस मीटरपर्यंत जायचे, मांडी किंवा खांदा दिसेपर्यंत थांबायचे आणि मगच खटका ओढायचा. वाघाला सहसा झायलाझिन आणि केटामाइन एकत्र देतात. मात्रा त्याच्या वजनाच्या अंदाजावर ठरते आणि तो अंदाज डॉक्टरलाच करावा लागतो. औषध चढायला पाच-दहा मिनिटे किंवा त्याहून जास्तही लागतात. तेवढ्यात वाघ पळतो, नाल्यात उतरतो, विहिरीच्या काठाशी जातो. खाली पडल्यावर डोळे उघडेच राहतात, म्हणून त्यांत मलम घालून वर कापड बांधायचे, श्वास मोजायचा, अंगाचा ताप बघत राहायचा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असताना बेशुद्ध जनावर तापून मरू शकते. पाण्याचे कॅन त्या गाडीत औषधाइतकेच महत्त्वाचे.

हे सगळे ध्यानात घेतले की चौकटीचे गणित उलटे होते. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातही ती बनू शकते: चौकोनी पाइप, दोन जागी यू आकाराचे आधार, त्यांना जाड रबर किंवा फोम, वरून पट्टा आणि कुलूप. कस लागतो तो पुढच्या गोष्टींत. चौकट गाडीच्या पत्र्याला नको, तिच्या सांगाड्याला नट-बोल्टने आवळलेली हवी. कच्च्या रस्त्यावर पत्रा थरथरतो आणि त्याबरोबर दुर्बिणीचा नेमही हलतो. नळीचे तोंड कोणत्याही बैठकीकडे नको. वायूचा सिलिंडर उन्हात नको, कारण तो तापला की दाब बदलतो आणि दाबावर तर सगळा नेम. धावत्या गाडीत बंदूक रिकामी, डार्ट वेगळ्या पेटीत, औषध तिसऱ्या पेटीत आणि तिची किल्ली डॉक्टरकडे. केटामाइनची नोंद कडक ठेवावी लागते, तेव्हा ती पेटी उघडणाऱ्याला सहीही करावी लागते. थोडक्यात, बंदूक हाती यायला वेळ लागावा अशीच ही मांडणी. त्या वेळात डॉक्टर वाघ बघतो, वारा बघतो, पाणी किती दूर आहे ते बघतो.

ही मांडणी ढासळली की काय होते, ते 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ दिसले. टी-1, म्हणजे लोकांच्या तोंडी झालेली अवनी, हिच्यावर दोन वर्षांत 13 माणसांच्या मृत्यूंचा ठपका होता. तिला आधी भूल देऊन पकडायचे, ते जमलेच नाही तर गोळी घालायची, असा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नव्हता. तिच्यासाठी हत्ती आणले, कॅमेरे लावले, परफ्यूमचा वासही वापरून पाहिला. शेवटी एका उघड्या गाडीतून झाडलेल्या गोळीने ती मेली. गाडीतल्या लोकांचे म्हणणे असे, की डार्ट मारल्यावर ती अंगावर आली आणि जीव वाचवायला गोळी घालावी लागली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीला ते पटले नाही. वाघिणीची पाठ गाडीकडे असावी, असा समितीचा निष्कर्ष होता. डार्टमधले औषध चोवीस तासांच्या आत वापरायला हवे होते, ते 56 तासांपूर्वी भरलेले निघाले. शस्त्र कायदा आणि पशुवैद्यक परिषदेचा कायदा या दोन्हींचा भंग झाल्याचेही समितीने नोंदवले. गाडीत गोळीची बंदूक होती, भुलीचा डार्ट होता, नेमबाज होता. डॉक्टर नव्हता.

त्या रात्रीनंतर या भागातल्या गावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मुंबई-दिल्लीत निषेध झाले. ज्याच्या घरचा माणूस वावरात गेला आणि परत आला नाही, त्याने बंदूक मागितली तर त्याला दोष कसा देणार? पण त्याच जिल्ह्यात, त्याच भुलीच्या डार्टने, दुसरेही घडले. फेब्रुवारी 2019 मध्ये टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाला भूल देऊन कॉलर बसवली. तो तेलंगणातून, मराठवाड्याच्या कडेने चालत वर्षअखेरीस बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि वाघ किती लांब जागा शोधत जातो हे साऱ्या देशाला कळले. अवनीच्या मादी बछड्यालाही 22 डिसेंबर 2018 रोजी जिवंत पकडून पेंचला नेले होते. 2021 च्या मार्चमध्ये तिला जंगलात सोडले, पण काही दिवसांतच ती मेली. जिवंत पकडणे म्हणजे गोष्ट गोड संपणे नव्हे, एवढेही त्यातून दिसते.

दोन्ही प्रकारांत फरक बंदुकीचा नव्हता. एका ठिकाणी डॉक्टर, औषध, दिवसाचा उजेड आणि धीर बंदुकीच्या आधी पोचले. दुसऱ्या ठिकाणी ती एकटी पुढे निघाली. बाकी सगळ्याला उशीर झाला की बंदूक आपोआप पहिल्या नंबरला येते. उशीरही त्या एका रात्रीचा नसतो. पहिले वासरू मारले जाते तेव्हा पंचनामा रेंगाळतो, भरपाई अडकते, वनरक्षकाकडे दुचाकीशिवाय वाहन नसते. तेव्हापासून तो साठत जातो.

म्हणून चौकटीला कुलूप लावणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे तालुक्याच्या पातळीवरचे आहे: जवळच्या ठिकाणी तयार उभी गाडी, तिच्या नावाने नेमलेला पशुवैद्य, मुदतीत बदललेली औषधे, आणि तेराव्या मृत्यूची वाट न बघता पहिल्या वासरालाच निघायची सवय. एवढे असले तर कुलूप क्वचितच उघडावे लागेल, आणि उघडलेच तर किल्ली योग्य माणसाच्या खिशात असेल.