सुवर्ण खाणकाम, अतिखोल

भूपृष्ठाखाली काही किमी. खोलीवर जाऊन सोन्याचे धातुक काढण्याची क्रिया. सोने बहुधा अतिप्राचीन खडकांतील क्वॉर्ट्‌झच्या शिरांत सूक्ष्म कणांच्या रूपात विखुरलेले असते. या शिरा अरुंद असल्या, तरी पुष्कळ खोलवर गेलेल्या असतात. त्यामुळे वरचे धातुक संपले की, खाण खाली न्यावी लागते. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला असून तेथे अशा शिरा आढळत नाहीत. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील प्राचीन खडकांत मात्र सोन्याचे लहान साठे सापडले आहेत. भारतात अतिखोल खाणकाम झाले ते कर्नाटकातील कोलार येथे.

कोलार येथे जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० मध्ये आधुनिक पद्धतीने काम सुरू केले. खाणींना वीज पुरविण्यासाठी कावेरीवर शिवसमुद्रम् येथे जलविद्युत् केंद्र उभारण्यात आले (१९०२). तेथील चँपियन रीफ खाण सु. ३·२ किमी. खोल गेली. १९६५ मध्ये याच खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची नोंद केली.

खोलीबरोबर खडकाचे तापमान वाढते. कोलारच्या तळाशी ते ६०° से.हून अधिक असल्याने थंड केलेली हवा खाली सोडावी लागे. वरील खडकांच्या दाबामुळे पोकळीच्या भिंती एकाएकी फुटत. अशा शिलास्फोटांत अनेक कामगार दगावले. त्यांना आळा घालण्यासाठी रिकाम्या जागा ग्रॅनाइटाच्या बांधकामाने व पुढे काँक्रीटने भरीत. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग खाण सु. ४ किमी. खोल असून ती थंड ठेवण्यासाठी बर्फमिश्रित पाणी खाली सोडतात.

शीतन, वायुवीजन, पाण्याचा उपसा व धातुक वर आणणे यांचा खर्च खोलीबरोबर वाढतो. म्हणून अशी खाण सोने संपल्यामुळेच बंद पडते असे नाही; ते काढणे परवडेनासे झाले, तरी ती बंद करावी लागते. कोलारच्या धातुकातील सोन्याचे प्रमाण प्रारंभी टनामागे ४० ग्रॅ.हून अधिक होते. अखेरीस ते ४ ग्रॅ.हूनही खाली आले. म्हैसूर राज्याने १९५६ मध्ये या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले व १९६२ मध्ये त्या केंद्र सरकारकडे आल्या. १९७२ पासून त्या भारत गोल्ड माइन्स या कंपनीकडे होत्या. एकूण सु. ८०० टन सोने दिल्यानंतर २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद करण्यात आल्या. खाणींवरच वसलेल्या या नगरातील हजारो कुटुंबांचा रोजगार त्यामुळे गेला. गावाभोवतीच्या सायनाइडयुक्त गाळाच्या टेकड्यांत अद्यापि थोडे सोने शिल्लक आहे.