सावली हरवते तो दिवस

घड्याळात बारा वाजले की सूर्य डोक्यावर येतो, असे आपण लहानपणापासून समजत आलो. खडकी बाजारात कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. पण वाचकहो, खडकीत सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, आणि तेव्हाही बारा वाजता नव्हे!

पहिला दिवस मेच्या १३-१४ तारखेचा. त्या दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एखादा उभट डबा ठेवा. बघता बघता त्याची सावली आखडत जाते आणि क्षणभर डब्याखालीच दडून बसते.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला. त्यामुळे डिसेंबरात मकरवृत्तावर असलेला सूर्य जूनमध्ये कर्कवृत्त गाठतो आणि परत फिरतो. खडकी साडेअठरा अंशांवर. जाताना एकदा आणि येताना एकदा तो आपल्या माथ्यावरून जातो. परतीची खेप जुलैच्या २९-३० तारखेची. पण तेव्हा आभाळ भरलेले! म्हणून भरवसा मेचाच.

मग बारा वाजता का नाही? आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवतात. खडकी त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंश. अंशाला चार मिनिटे, म्हणजे पस्तीस मिनिटे उशीर. मेमध्ये सूर्य तीन-चार मिनिटे घाई करतो, तेवढे वजा करा.

हा दिवस गावोगाव उत्तरेकडे प्रवास करतो. कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ला, नागपुरात २६ला. दिल्ली कर्कवृत्तापलीकडे, तिच्या नशिबी तो नाहीच!

खरी मौज पुढेच आहे. खडकीत सावली हरवते त्याच दिवशी नागपूरच्या मावशीला तिथल्या भर मध्यान्ही एक मीटरची काठी उभी करायला सांगा. सावली भरेल साडेचार सेंटिमीटर, म्हणजे कोन सुमारे २.६ अंश. दोन्ही गावांतले दक्षिणोत्तर अंतर सुमारे २९० किलोमीटर. २.६ अंशांना २९०, तर ३६० अंशांना किती? सुमारे ४० हजार किलोमीटर: अवघ्या पृथ्वीचा परीघ! सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने याच युक्तीने पृथ्वी मोजली होती.

सुटीत मुले घरीच असतात. सूर्याकडे मात्र पाहू देऊ नका. पाहायचे ते जमिनीकडे. आमरसाचे ताट वाढायला दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल. त्या दहा मिनिटांत घरातल्या एका काठीने पृथ्वी मोजून होईल!