अठरा पूर्ण होईपर्यंत किल्ली घरातच

मुंबईत मुलुंड असो की बोरिवली, संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी फुटपाथला लागून स्कूटर उभ्या असतात. त्यातल्या काही अकरावी-बारावीची मुलं चालवत आलेली असतात. ‘सोळा पूर्ण झालीत, गाडीला गिअर नाहीत, मग चालतं’ ही समजूत अनेक घरांत पक्की आहे. ती निम्मीच खरी आहे.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४नुसार सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवायला वय अठरा लागतं. सोळा पूर्ण झाल्यावर सवलत मिळते, पण ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती, आणि पालकांची लेखी संमती असेल तरच. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचं इंजिन सुमारे ११० सीसीचं, काहींचं १२५ सीसीचं. म्हणजे गाडीला गिअर नसले तरी ती या सवलतीत बसत नाही.

हा कायदा झाला तेव्हा लहान मोपेड घरोघर होत्या. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२मध्ये ५० सीसीची लूना आणली, आणि पायडल मारून सुरू होणाऱ्या या गाडीवर महाराष्ट्रातली एक आख्खी पिढी कॉलेजला गेली. आज पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची नवी गाडी शोरूममध्ये शोधूनही मिळणं कठीण. सवलत कायद्यात राहिली, तिला लागणारी गाडी मात्र बाजारातून गेली. मुलांना आता तिचा उपयोग फारसा नाही. पालकांची दिशाभूल तेवढी होते. सरकारने ही सवलत एकतर बदलावी, नाहीतर काढून टाकावी.

कारण चुकीची किंमत मोठी आहे. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ‘१९९-अ’नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला माहीतच नव्हतं’ एवढं म्हणून आईवडिलांची सुटका नाही; ते त्यांनाच सिद्ध करावं लागतं. मुलाकडे ५० सीसीचं लायसन्स असेल आणि तो ११० सीसीची स्कूटर चालवत असेल, तरीही संरक्षण मिळत नाही.

मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. पुढे मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. बातमी गाजली ती गाडीच्या किमतीमुळेही, पण कायद्यापुढे पोर्शे आणि घरातली स्कूटर यांत फरक नाही.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या ई-बाइकला लायसन्स लागत नाही, हे खरं. मात्र वेग वाढवून घेतला की ती सवलत संपते. एलबीएस मार्गावरच्या ट्रक-बसमध्ये असलं हलकं वाहन कितपत सुरक्षित, हेही घरात बोलायला हवं.

अठरा झाल्यावरची वाट तशी सोपी आहे. आधार असेल तर शिकाऊ लायसन्सची परीक्षा २०२१पासून घरबसल्या देता येते. ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. पक्क्या लायसन्सची चाचणी तीस दिवसांनंतर, पण सहा महिन्यांच्या आत. तोवर गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, आणि दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणी बसायचं नाही. चाचणीसाठी अंधेरीकरांना एमएच-०२चं, बोरिवलीकरांना एमएच-४७चं आरटीओ कार्यालय. घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना मात्र एमएच-०३साठी वडाळा गाठावं लागतं.