श्वास धरायचा नाही

आजोळच्या विहिरीत मामाने पोहायला शिकवलं तेव्हा पाठीला सुका भोपळा बांधला होता आणि धडा एकाच वाक्याचा होता. "नाक दाब, श्वास धर आणि घाल उडी!" पुढची पस्तीस वर्षं पाण्यात पाय पडला की माझी छाती आपसूक हवा भरून घ्यायची आणि घट्ट मिटायची. अंदमानात, हॅवलॉकच्या किनाऱ्यावर, छातीएवढ्या पाण्यात उभं करून एका तरुण प्रशिक्षकाने तो धडा पुसून टाकायला सांगितला. "मॅडम, बाकी सब भूल गये तो चलेगा. सांस मत रोकना, बस."

हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. जेटीवर आणि बोटींवर मात्र अजून जुनंच नाव ऐकू येतं, म्हणून मीही तेच वापरते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं. त्यामुळे बेटावरच्या बाजारात बंगाली कानावर पडते. पाण्याखाली उतरवणाऱ्यांमध्ये मात्र कारेन माणसंही भेटतात. कारेनांना ब्रिटिशांनी १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी मध्य अंदमानात आणलं. मायाबंदरजवळचं वेबी हे त्यांचं पहिलं गाव. हॅवलॉकजवळच्या खोल पाण्यातल्या दोन प्रसिद्ध जागा, जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल, या कारेन पाणबुड्यांच्या नावाने ओळखल्या जातात. समुद्रातल्या खडकाला तिथल्या कष्टकऱ्याचं नाव मिळावं, ही गोष्ट मला फार आवडली.

स्कुबा म्हणजे धाडस, असं आपल्याकडे समजलं जातं. चार दिवस शिकल्यावर मला वाटतं, यात धाडस थोडं आणि शिस्त पुष्कळ. त्या शिस्तीतला जवळजवळ प्रत्येक नियम हवेच्या एका गुणातून निघतो. दाब वाढला की हवा आक्रसते, दाब कमी झाला की फुगते. रॉबर्ट बॉइलने हे १६६२ मध्ये मांडलं आणि आपण सगळ्यांनी ते शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलं. समुद्रात त्याची परीक्षा कानापासून सुरू होते.

खंडाळ्याचा घाट उतरताना कानात दडे बसतात, हे आपल्या ओळखीचं. अख्खा घाट उतरल्यावर हवेच्या दाबात जो फरक पडतो, तेवढा फरक समुद्रात मीटरभर खाली जाण्याआधीच पडलेला असतो. पाणी हवेपेक्षा इतकं जड आहे, की दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे किनाऱ्यावर एक वातावरण, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. सर्वांत मोठा बदल होतो तो पहिल्या दहा मीटरांत, कारण तिथे हवा थेट निम्मी होते. म्हणून कान दुखतात ते वरच्या चार-पाच मीटरांत. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि पट्‌कन आवाज होऊन दुखणं थांबतं. हे दुखायच्या आधी करायचं, दर मीटरभराला करायचं, आणि दडा सुटला नाही तर थोडं वर यायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. बोटीचे पैसे भरले म्हणून चोंदलेल्या नाकाने खाली गेलेली माणसं कान दुखावून घेतात, आणि ते दुखणं आठवडेच्या आठवडे पुरतं.

आता मामाचा धडा. विहिरीत श्वास धरून बुडी मारली तर खाली फुप्फुसं आक्रसतात आणि वर आल्यावर पूर्वीएवढी होतात. भरलेली हवा काठावरचीच असते, त्यामुळे बिघडत काहीच नाही. पण स्कुबात दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा दुप्पट दाबाची असते. ती कोंडून वर निघालो, तर पृष्ठभागाशी येईतो तिचा आकार दुप्पट होऊ पाहतो. फुप्फुसाला तेवढी जागा नाही. ते फाटतं, आणि हवेचे बुडबुडे थेट रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. पोहण्याच्या तलावाएवढ्या खोलीतही हे घडू शकतं. म्हणून श्वास अखंड चालू ठेवायचा. तोंडातला रेग्युलेटर काढला असेल तेव्हासुद्धा ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

रेग्युलेटरचा जन्म युद्धातल्या टंचाईत झाला. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यॉं या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदलातला अधिकारी जॅक-इव्ह कूस्तो त्याला भेटला. श्वास ओढला तरच हवा सोडेल अशी झडप दोघांनी मिळून घडवली आणि १९४३ मध्ये भूमध्य समुद्रात ती वापरून पाहिली. गोष्टीतला नायक वेळूची नळी तोंडात धरून तळ्यात लपून बसतो, ते मीटरभर खोलीवरही जमणार नाही. बाहेरून पाणी छातीला दाबत असतं आणि नळीतली हवा मात्र काठावरच्याच दाबाची असते, त्यामुळे छाती फुगवताच येत नाही. रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याएवढ्याच दाबाची हवा देतो, म्हणून खाली श्वास घेणं सोपं वाटतं.

पाठीवरच्या सिलिंडरला आपल्याकडे सर्रास ऑक्सिजनचं नळकांडं म्हणतात. त्यात असते ती साधी हवा, गाळून दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली शरीराला विषासारखा बाधतो, झटके येतात. नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे २२०० लिटर हवा मावते. वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला काठावरच्या तिप्पट हवा लागते, आणि घाबरलेला माणूस त्याच्याही दुप्पट ओढतो. पहिल्या बुडीत माझ्या सिलिंडरचा काटा पंचवीस मिनिटांत तांबड्या पट्ट्याजवळ आला, तेव्हा प्रशिक्षकाचं सिलिंडर निम्म्याहून अधिक भरलेलं होतं. चौथ्या दिवशी मी चाळीस मिनिटं खाली राहिले. दमसास तोच होता, घाई तेवढी गेली होती.

घाई गेली की दुसरी एक गंमत कळते. श्वास आत घेतला की शरीर तसूभर वर उचललं जातं, सोडला की खाली येतं. हात मारावे लागत नाहीत. मासे पोटातल्या हवेच्या पिशवीने जे साधतात, ते आपण फुप्फुसांनी साधतो. प्रवाळाच्या फांदीवरून चार बोटं अंतर ठेवून, तिला धक्का न लावता तरंगत जाणं हे खरं कौशल्य. आणि मग डोळे उघडतात.

पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते मनगटावरच्या तांबड्या दोऱ्याकडे. बारा मीटरवर तो काळपट दिसत होता. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. प्रशिक्षकाने विजेरीचा झोत टाकला आणि जो खडक मला राखाडी वाटत होता तो शेंदरी निघाला. कानावर सतत एक चटचट येत होती, तापलेल्या तव्यावर मोहरी तडतडावी तशी. हा चिमुकल्या कोळंबीच्या नांग्यांचा आवाज. मधूनच करकर ऐकू यायची, ती पोपटमाशांची. पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी ते मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यासोबत चुनखडीही गिळतात आणि तिचं पीठ करून मागून सोडतात. मालदीवसारख्या बेटांवरची पांढरीशुभ्र वाळू मोठ्या प्रमाणात या माशांनी दळलेली आहे.

नीमो रीफ नावाच्या उथळ जागी समुद्रफुलाच्या विषारी बोटांत नारिंगी-पांढरे क्लाउनफिश खेळत होते. हे सगळे मासे जन्मतः नर असतात. एका समुद्रफुलातल्या कुटुंबात सर्वांत मोठी एक मादी असते. ती मेली की तिचा जोडीदार नरच मादी होतो आणि खालचा एक नर त्याच्या जागी चढतो. पण मला विसरता येत नाहीत ते बांगडे. तव्यावर आणि ताटात आयुष्यभर पाहिलेला हा मासा मी कधी जिवंत पाहिला नव्हता. शेकडो बांगडे एका वळणात, सगळ्यांचे जबडे सताड उघडे, कल्ले फुललेले, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळत माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. बाजारात निस्तेज डोळ्यांनी पडलेला तो हाच मासा, यावर विश्वास बसेना.

हे सारं ज्याच्या आधाराने उभं आहे ते प्रवाळ, म्हणजे पोवळं. अंगठीतलं तांबडं पोवळं मात्र वेगळ्या कुळातलं, बहुतेक भूमध्य समुद्रातलं. बेटांभोवतीची भिंत बांधणारं प्रवाळ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरभाडं म्हणून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. उष्ण कटिबंधातलं निळं पाणी नितळ असतं, कारण त्यात पोषक द्रव्यं फार थोडी. अशा जवळजवळ ओसाड पाण्यात एवढी वस्ती टिकते ती या भागीदारीमुळे. आपल्या कोकणकिनाऱ्यावर नद्या पावसाळाभर गाळ ओततात, ऊन तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मालवणच्या पाण्यात प्रवाळ असलं तरी अंदमानसारखं फोफावत नाही. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर गाळ पोहोचत नाही, तिथे मात्र कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक ही पाण्याखालची पठारी प्रवाळभूमी आहे. मराठी माणसाच्या एवढ्या जवळ असलेलं हे वैभव आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं, पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवलं तर जीव वाचतो, नाहीतर उपासमारीने मरतो. १९९८, २०१०, २०१६, २०२४ या वर्षांत असंच झालं. लक्षद्वीपमध्ये रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून सातत्याने मोजणी करत आले आहेत, आणि चोवीस वर्षांत तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्मं झाल्याचं त्यांना आढळलं. लक्षद्वीपची बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर आहेत. खवळलेली लाट आधी त्या प्रवाळाच्या भिंतीवर फुटते आणि मगच घराकडे येते. मलाही फांद्यांच्या ढिगाऱ्याचा एक मोठा पट्टा दिसला, वर शेवाळाची काळसर साय धरलेली. जवळच्या एका खडकावर नखाएवढी नवी रोपटी धरली होती. प्रशिक्षकाने ती बोटाने दुरून दाखवली आणि दोन्ही हात छातीशी घेतले. हात लावू नका, एवढाच अर्थ.

हे हात आवरणं आपल्याकडे शिकवलं जात नाही. पंधरा मिनिटांच्या हौशी बुडीत पर्यटकाला एका हाताने खडक धरायला लावून दुसऱ्या हाताने विजयाची खूण करत फोटो काढतात. मासे जवळ यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं चुरतात. पोपटमाशाने पाव खाल्ला तर शेवाळ कोण खाणार? मालवण-तारकर्लीला प्रशिक्षणाची सोय आहे, कसलेले शिकवणारे आहेत. जमेल त्याने फोटोपुरतं न उतरता तीन-चार दिवस काढून शिकावं. दहा वर्षांच्या मुलापासून साठी उलटलेल्या आजीपर्यंत कुणालाही, प्रकृती ठीक असेल तर, हे जमतं. दमा, हृदयविकार, कानाचे जुने आजार असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि प्रकृतीच्या अर्जावर खोटं लिहायचं नाही. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही पिशवीत घालायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

वर येणं हा शेवटचा आणि सर्वांत संथ भाग. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. सोड्याची बाटली झटकन उघडली की जे होतं, ते घाईने वर येणाऱ्याच्या सांध्यांत आणि मज्जारज्जूत होतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणताना दाबाच्या हवेत काम करणारे कितीतरी मजूर असे लुळे पडले, आणि १८७२ मध्ये मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः कायमचा आजारी झाला. कारण कळून त्यावर कोष्टकं तयार झाली ती १९०८ मध्ये. जॉन स्कॉट हॉल्डेनने बकऱ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले होते. त्यातूनच आजचे नियम आले. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही. शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमानात बसायचं नाही, कारण उंचीवर दाब आणखी कमी होतो. अनेक सहलींचे कार्यक्रम नेमके सकाळी बुडी आणि दुपारी विमान असे आखलेले असतात. ते बदलून घ्यावेत. मालवणहून एकामागून एक खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढणाऱ्यांनीही हाच विचार करावा.

आणि वर येता येता पाच मीटरवर थांबायचं. माझ्या शेवटच्या बुडीत आम्ही नांगराच्या दोराजवळ असे थांबलो. खाली खडक निळ्यात विरत चालला होता, वर बोटीचं बूड डुलत होतं. तोंडातून सुटलेले बुडबुडे आधी बोराएवढे, मग लिंबाएवढे, मग ताटलीसारखे पसरट होत वर जात होते आणि उजेडात फुटत होते. दोर न धरता, हात न हलवता मी तिथे नुसती श्वासावर तोललेली होते. प्रशिक्षकाने मनगटावरच्या यंत्राकडे पाहिलं आणि तीन बोटं वर केली. अजून तीन मिनिटं.